संमतीची परीक्षा व्हावी, सहनशक्तीची नव्हे

परस्परसंमतीने काडीमोड म्हटले की आमच्यातील कित्येक सद्गृहस्थांच्या कपाळास आठ्या पडतात. विवाह हा संस्कार आहे, तो दोघांच्या राजीखुशीने मोडू लागला तर कुटुंबसंस्था रसातळास जाईल, असा त्यांचा आक्षेप. परंतु आमच्या अनेक जातींत काडीमोड आणि पाट या चाली जुन्या काळापासून आहेत. त्यांच्या योगाने त्या जाती रसातळास गेल्याचे कोणी दाखवून दिलेले नाही. विवाहबंधन अतूट होते ते मुख्यत्वे उच्चवर्णीय म्हणविणाऱ्यांच्या स्त्रियांस. पुरुषास मुंबई इलाख्यात १९४६ चा कायदा होईपर्यंत दुसरी बायको करण्याची मोकळीक होतीच. बालपणी लागलेले लग्न नाकारणाऱ्या रखमाबाईंस १८८७ साली 'नवऱ्याकडे जा, नाही तर तुरुंगात जा' असे न्यायासनाने सांगितले, हे आमचे वाचक विसरले नसतील.

पुढे बडोदे संस्थानाने १९३१ साली, मुंबई प्रांताने १९४७ साली आणि अखेर १९५५ साली साऱ्या देशाच्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाचे दार उघडले. पण आत शिरण्यास जोडीदाराचा दोष सिद्ध करणे भाग होते. दोषारोपाची ही चिखलफेक टाळून उभयतांनी मिळून अर्ज करण्याची वाट त्या कायद्यात १९७६ साली झाली. एक वर्ष वेगळे राहिल्यावर पहिला अर्ज, त्यानंतर किमान सहा महिन्यांनी पुन्हा दोघांची हजेरी, आणि तोवर संमती कायम असेल तर हुकूमनामा, असा तिचा क्रम आहे. न्यायिक विभक्तता ही दुसरी वाट. तीत एकत्र नांदण्याचे बंधन सुटते, पण विवाह उरतो. पुनर्विवाह करता येत नाही. ज्यांस समेटाची आशा आहे, त्यांस ती सोयीची. ज्यांस नाही, त्यांस ती केवळ अधांतरी ठेवणारी होय.

सहा महिन्यांची मुदत प्रत्येक प्रकरणी सक्तीची नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली ठरविले. दुरावा पुरेसा जुना असेल, समेटाचे यत्न फसले असतील, पोटगी व मुलांचा ताबा यांचा निकाल खरोखर लागला असेल, आणि वाट पाहण्याने यातनाच लांबणार असतील, तर न्यायाधीशास ती माफ करता येते. हा निर्णय आम्हांस सर्वस्वी योग्य वाटतो. संमती खरी असेल तर प्रतीक्षा निरर्थक आहे.

परंतु संमती खोटी असेल तर? माहेरच्या ओसरीवर दोन वर्षे काढलेली, स्वतःची मिळकत नसलेली, भावजयीच्या कपाळावरची आठी रोज पाहणारी स्त्री 'एकदाची सुटका होऊ द्या' म्हणून पोटगी सोडते, स्त्रीधनावर पाणी सोडते आणि कागदावर सही करते. तिची हरकत नाही, याचा अर्थ तिची संमती आहे असा नव्हे. अशा स्त्रीस सहा महिने थांबविल्याने तिचे बळ वाढत नाही. उलट उरलेसुरले खचते.

संमती जबरदस्तीने, फसवणुकीने वा गैरवाजवी दडपणाने घेतलेली नाही, याची खात्री न्यायालयाने करून घ्यावी, असे कायदा स्पष्ट सांगतो. ही खात्री दोन प्रश्न विचारून उरकण्याची बाब नव्हे. आमची सूचना अशी की, पतिपत्नीस निरनिराळे बोलावून त्यांचे म्हणणे ऐकावे. दोघांचा वकील एकच नसावा. आणि पोटगीच्या दाव्यांत मिळकतीची प्रतिज्ञापत्रे घेण्याचा जो दंडक सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली घातला, तो येथेही पाळावा. काय सोडीत आहोत हे ठाऊक असल्यावाचून जे सोडले जाते, त्यास त्याग म्हणत नाहीत.

ज्या घरांत हा प्रश्न आज उभा आहे, तेथील वडीलधाऱ्यांस आमची विनंती एवढीच: लोक काय म्हणतील याची चिंता बाजूस ठेवावी, आणि सही होण्यापूर्वी राहण्याची जागा, मुलांचा ताबा, स्त्रीधन व पोटगी या चार गोष्टी कागदावर निश्चित कराव्या. दोन माणसे सन्मानाने विलग झाली तर कुळास बट्टा लागत नाही. एकीस रिक्त हस्ताने घालवून दिले, तर मात्र खचित लागतो.