मोहाच्या जोडीला काय?
इटलीच्या उत्तरेला वाल्तेलिना खोऱ्यात, आल्प्सच्या उतारावरच्या दगडी पायऱ्यांवर नेब्बिओलो द्राक्ष पिकतं. त्याची तुरट, आंबूस लाल वाइन तिथले लोक पिझ्झोकेरीबरोबर घेतात. म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या जाडसर पट्ट्या, त्यात बटाटा, कोबी, लोणी आणि सढळ हाताने चीज. वाइनचा तुरटपणा तो तुपकटपणा कापतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. हा हिशेब गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीच्या मोहाच्या दारूला लावला की उलटा पडतो. चैत्राच्या आगेमागे पहाटे गळणारी फुलं वाळवून, भिजवून, आंबवून गाळलेल्या दारूत तुरटपणा नसतोच, आंबटही फारसं नसतं. असतो फुलाचा गोडसर वास आणि पहिल्या धारेचा जाळ. मग आंबट ताटातूनच यायला हवं. तिथल्या माडिया आदिवासींची लाल मुंग्यांची चटणी इथे चपखल बसते: मुंगीतल्या फॉर्मिक आम्लाची चुणचुण, वर मिरची-मीठ. अर्थात हे सगळं कागदावरच. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि तिच्यामागे बायकांचा रेटा होता. शहरी चोखंदळांनी त्या बंदीला उगाच नाक मुरडू नये. शेजारच्या चंद्रपुरातली २०१५ची बंदी २०२१मध्ये उठली, पण विनापरवाना हातभट्टी तिथेही गुन्हाच. माझं विचाराल तर मोह पेल्यापेक्षा ताटात जास्त खुलतो: भाजलेली फुलं तिळाबरोबर कुटून वळलेला लाडू, शेजारी बिनदुधाचा कडक चहा. लाडवात गूळ मात्र घालू नका, फुलाची गोडी पुरते.