मदरबोर्ड गेलाय, मावशी!

"मावशी, मदरबोर्ड गेलाय. अडतीस हजार होतील. त्यापेक्षा नवीनच घ्या ना."

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरमागच्या मुलाने भाजीवाल्याने "आज मेथी नाही" म्हणावं तितक्या सहज मला हे सांगितलं. मी विचारलं, "कशावरून?"

"कशावरून म्हणजे?"

आयुष्यभर मराठी शिकवलं. प्रश्नपत्रिकेत 'कशावरून ते सांगा' हा प्रश्न किती वेळा घातला असेल, त्याची गणतीच नाही. पण "कशावरून म्हणजे?" असं उलट विचारणारा पहिलाच भेटला!

लॅपटॉप नातवाचा. तो आर्किटेक्चरला आहे. इमारतींची त्रिमितीय चित्रं काढायला दणकट ग्राफिक्स कार्ड लागतं आणि ते गेमिंग लॅपटॉपमध्येच परवडतं, म्हणून २०२१ मध्ये तो घेतला. (मागे रंगीत दिवे लागतात. सत्यनारायणाच्या पूजेला शोभेल असा आहे.) जानेवारीपासून त्याचं एक सुरू झालं. काम चालू असताना अचानक पडदा गोठायचा, बाण हलेनासा व्हायचा, स्पीकरमधून भुंग्यासारखा एक सूर यायचा, मग अंधार आणि आपोआप पुन्हा सुरू. दिवसात तीनदा, तर कधी चार दिवस काहीच नाही. गेम खेळताना व्हायचं तसंच नुसती पीडीएफ वाचतानाही व्हायचं.

एप्रिलमध्ये त्याची सबमिशनची फाइलच उघडेना. 'करप्ट' झाली म्हणाला. कॉलेजात कुणाचा विश्वास बसला नाही. त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या मुलाने, "रात्रभर गेम खेळलास की असंच होणार" म्हणून झापलं. आणि मी? "बाई, वही घरी राहिली" ही सबब चौतीस वर्षं ऐकलेली मी. मीही मनात म्हटलं, हं!

त्याआधी दोन दुकानं झाली होती. पहिल्याने लॅपटॉपकडे धड न बघताच सांगितलं, "फॉरमॅट मारू." आठशे रुपये. तीन दिवस बरं चाललं, चौथ्या दिवशी भुंगा हजर. दुसऱ्याने "व्हायरस आहे" म्हणून अँटिव्हायरस विकला आणि पुन्हा फॉरमॅट मारला.

या 'फॉरमॅट मारू'वर माझा खरा राग आहे. औषध म्हणून तो कधी कधी लागू पडतो, हे मान्य. पण संगणक कोसळला की विंडोज त्याची नोंद ठेवतं. केव्हा कोसळला, काय बिनसलं, कधी कधी त्या क्षणाचा छोटा उतारासुद्धा जपून ठेवतं. फॉरमॅट मारला की हे सगळं पुसलं जातं. चोरी झालेल्या घरात पंचनाम्याआधी फडका मारून ठसे पुसायचे आणि वर मजुरी घ्यायची, असा हा प्रकार. दुकानदाराला ते ठाऊक नसेल तर त्याने दुकान का मांडावं, आणि ठाऊक असूनही करत असेल तर काय म्हणावं!

असो. सर्व्हिस सेंटरकडे येते. मी कशावरून-कशावरून करत उभीच राहिले, तेव्हा त्या मुलाने वैतागून पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघा. कर्नल-पॉवर ४१. पॉवरचा एरर आहे. पॉवर म्हणजे मदरबोर्ड." मी त्या ओळी वहीत उतरवून घेतल्या. तो हसला. हसू दे.

घरी येऊन शब्दकोश काढला. माझं इंग्रजी बेताचंच, बी.ए. केलं तेही मराठी माध्यमातून. पण वाक्य सोपं होतं. संगणक आधी नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला आहे. संगणकाने प्रतिसाद देणं थांबवलं असेल, तो कोसळला असेल किंवा वीज अचानक गेली असेल, तर असं होऊ शकतं. एवढंच. 'किंवा'! सहावी-सातवीच्या मुलांना आपण शिकवतो, विकल्पबोधक उभयान्वयी अव्यय. वाक्यात तीन शक्यता दिल्या आहेत. त्या मुलाने पहिल्या दोन सोडल्या, तिसरी उचलली आणि तिच्यावर अडतीस हजारांचा आकडा लिहिला. मुळात ती नोंद कारण सांगतच नाही. संगणक पुन्हा सुरू होतो तेव्हा त्याच्या लक्षात येतं की मघाशी आपण नीट झोपलो नव्हतो, आणि तेवढं तो लिहून ठेवतो. मृत्यूच्या दाखल्यावर 'श्वास थांबला' लिहावं तसं. श्वास कशाने थांबला, ते शोधायचं कुणी?

मग आम्ही दोघांनी शोधायचं ठरवलं. नातवाला सुट्टी होती, मला तर कायमचीच आहे. दोनशे पानी वही घेतली आणि रकाने आखले. तारीख, वेळ, काय चालू होतं, चार्जर लावलेला की बॅटरीवर, प्रोसेसरचं तापमान किती. नियम एकच, एका वेळी एकच बदल. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि दुखणं थांबलं, तर कशाने थांबलं हे कधीच कळत नाही.

पहिला संशय अर्थातच उष्णतेवर. नातवाने बॅटरीची जोडणी काढून मागचं झाकण उघडलं, तर पंख्यांच्या जाळीवर धुळीची गोधडी! साफ केली. (ही गोधडी लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.) पण वही काही वेगळंच सांगत होती. गेम चालू असताना तापमान ९२ अंशांवर जायचं आणि तरी तासभर काही होत नसे. असे प्रोसेसर साधारण शंभरच्या आसपास पोचायला लागले की स्वतःच वेग कमी करून सांभाळून घेतात. आणि पीडीएफ वाचताना गोठला तेव्हा तापमान होतं ५४. उष्णता सुटली. चार्जर लावून गोठला, बॅटरीवरही गोठला. चार्जर सुटला, घरातल्या विजेवरचा आळही गेला. ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून नवा टाकला, फरक शून्य.

अकरा दिवसांत चौदा नोंदी झाल्या. त्यांत दोनदा निळा पडदा आला आणि दोन्ही वेळा त्यावरचं नाव वेगळं. एकदा 'मेमरी मॅनेजमेंट'. दर वेळी दुखण्याचं नाव बदलतंय आणि काही ठरावीक केल्याने होतंय असंही नाही, असं दिसलं की रॅम तपासावी, हे तोवर आम्ही वाचलं होतं. नातवाला आठवलं, की २०२३ च्या दिवाळीत त्याने आठ जीबीची दुसरी पट्टी बाहेरून बसवून घेतली होती. भुंगा जानेवारीतला.

विंडोजची स्वतःची मेमरी तपासणी आधी चालवली. "काही दोष नाही." मी हिरमुसले. मग नातवाने मेमटेस्ट ८६ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घेतला, लॅपटॉप त्याच्यावरून सुरू केला आणि रात्रभर चालू ठेवला. पहाटे साडेपाचला मी चहाला उठले, तर पडद्यावर लाल ओळींची रांग लागलेली. मग एकेक पट्टी वेगवेगळी तपासली. जागांची अदलाबदलही केली, कारण दोष पट्टीचा की खाचेचा हेही कळायला हवं. जुनी पट्टी दोन्ही खाचांत स्वच्छ. नवी दोन्ही खाचांत लाल.

वर्गात एका बाकाची फळी एकाच जागी निखळलेली असते. रोज मुलं वेगवेगळ्या जागी बसतात. जो तिथे बसेल तो पडतो, आणि बाई ओरडतात पडलेल्यावर! रॅमचंही तसंच. लाखो घरांतली चार-दोन खराब. त्यात त्या वेळी गेम जाऊन बसला तर गेम पडतो, पीडीएफ बसली तर पीडीएफ. सबमिशनची फाइल त्यातून गेली तर ती बिघडलेलीच डिस्कवर लिहिली जाते, आणि कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणजे पोरगं खरं बोलत होतं. मी त्याला तसं म्हटलं. तो "जाऊ दे आजी" म्हणाला, पण पाठमोरा होऊन.

हे फक्त आमच्या गावात होतं असं समजू नका. आमचं मिटल्यावर दोनच महिन्यांनी इंटेलचं प्रकरण गाजलं. त्यांचे तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर २०२२ आणि २०२३ मध्ये बाजारात आले. ते घेतलेल्या बऱ्याच जणांचे गेम कोसळत होते, आणि पडद्यावर संदेश यायचा तो ग्राफिक्सची मेमरी संपल्याचा. बिचाऱ्यांनी ग्राफिक्सचे ड्रायव्हर बदलले, गेम पुन्हा टाकले, विंडोज नव्याने घातलं. जुलै २०२४ मध्ये इंटेलने मान्य केलं, की त्यांच्याच मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते. ऑगस्टमध्ये दुरुस्ती आली, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण जे प्रोसेसर तोवर खराब झाले होते, ते त्या दुरुस्तीने बरे होणारे नव्हते. तिथेही पडद्याने एका निरपराध्याचं नाव घेतलं होतं आणि सगळे त्याच्याच मागे लागले होते.

आता दुकानदारांची बाजू. एका ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने मला सुनावलं, "बाई, रात्रभर टेस्ट लावून ठेवतो, पण त्याचे पैसे कोण देतं? गिऱ्हाईक म्हणतं, नुसतं बघायचे कसले पैसे?" हे खरं आहे, आणि यात आपण सगळे दोषी आहोत. डॉक्टरला नुसतं बघायचे पाचशे देतो, पण मशीनवाल्याने सुटा भाग बदलला तरच त्याने काम केलं असं धरतो. मग तो भागच बदलणार! डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, चांगलंच केलं. त्यात सुटे भाग, वॉरंटी, सर्व्हिस सेंटर यांची माहिती मिळते. पण दोष कशावरून ठरवला हे लेखी मागायचा हक्क मला त्याहून मोठा वाटतो. बिघाड कोणता, कोणत्या चाचणीत दिसला, चाचणी किती वेळ चालवली. तीन ओळी. एवढ्या लिहून देणाऱ्याला मी पाचशे काय, हजार देईन.

पण जिथे पैसे घेतात तिथे तरी बघतात का? नवी पट्टी दोन हजारांच्या आत मिळाली. ती बसवून महिनाभर भुंगा आला नाही, तेव्हा मी जुनी पट्टी आणि वही घेऊन सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. तोच मुलगा. वही चाळली. "होतं असं कधी कधी, मावशी," म्हणाला. मी पावती पुढे केली. 'तपासणी शुल्क, जीएसटीसह ५९० रुपये.' विचारलं, "तपासणी म्हणजे नेमकं काय केलंत?"

"पूर्ण खोलून बघितलं ना."

मी पर्समधली प्लॅस्टिकची पिशवी काढून काउंटरवर ठेवली. तुम्ही खोलून बघितल्यानंतर पाचव्या दिवशी आम्ही घरी काढलेली धूळ, म्हटलं. त्याने पिशवीकडे पाहिलं, आत साहेबांना बोलावतो म्हणाला आणि गेला. वीस मिनिटं थांबले, कुणी आलं नाही. पिशवी तिथेच ठेवून आले.