तणनाशके आणि रक्ताचा कर्करोग : संशोधन नेमके काय सांगते?

ग्लायफोसेट सुरक्षित आहे, हे सांगताना पंचवीस वर्षे ज्या शोधनिबंधाचा दाखला दिला जात होता, तो २०२५ च्या अखेरीस संबंधित नियतकालिकाने मागे घेतला. २००० साली छापलेल्या या निबंधाच्या लेखनात राऊंडअप बनवणाऱ्या मोन्सँटो कंपनीच्या माणसांचा सहभाग उघड केलेला नव्हता, आणि निष्कर्ष मुख्यतः कंपनीच्याच अप्रकाशित चाचण्यांवर बेतलेले होते. मात्र, यावरून ‘कॅन्सर होतो हे सिद्ध झाले’ असा अर्थ काढू नका. सुरक्षिततेच्या बाजूचा एक पुरावा बाद झाला, एवढेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेट, मॅलॅथिऑन आणि डायझिनॉन यांना ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवले, तर लिंडेनला थेट ‘कर्करोगकारक’. संशय प्रामुख्याने लिम्फोमा या गाठींच्या व रक्तपेशींच्या कर्करोगाबाबत होता. ही वर्गवारी पुरावा किती भक्कम आहे ते सांगते. किती फवारणीने किती धोका, हे सांगत नाही. डब्यावरचा रंगीत त्रिकोणही ते सांगत नाही. तो फक्त लगेच होणाऱ्या विषबाधेसाठी असतो. हिरवा त्रिकोण पाहून निर्धास्त होणारे बरेच आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

मग शेतकऱ्यांवरचा अभ्यास? अमेरिकेत आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांत १९९३ पासून सुमारे ८९ हजार फवारणी करणारे आणि त्यांचे जोडीदार यांच्या आरोग्याची नोंद ठेवली जाते. त्यातील ५४ हजारांहून अधिक फवारणी करणाऱ्यांच्या २०१८ च्या विश्लेषणात ग्लायफोसेट आणि लिम्फोमा यांचा संबंध आढळला नाही. सर्वाधिक वापर असणाऱ्यांत एका प्रकारचा ल्युकेमिया जास्त दिसला, पण तो योगायोगही असू शकतो. आमच्या मते, हा निष्कर्ष जसाच्या तसा आपल्याकडे लावता येत नाही. तिथे बरीचशी फवारणी ट्रॅक्टरवरून होते. आपल्याकडे पाठीवरचा पंप गळतो, पाय उघडे असतात आणि द्रावण हातानेच ढवळले जाते.

याच नोंदींतून २००९ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाआधी रक्तात एक असामान्य प्रथिन दिसू लागते. त्रास काहीच नसतो, पण अशा शंभर जणांपैकी साधारण एकाला दरवर्षी पुढचा आजार होतो. कीटकनाशके हाताळणाऱ्या पुरुषांत हे प्रथिन इतरांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात आढळले. ज्या रसायनांशी संबंध दिसला, त्यांत करप्यासाठी वापरले जाणारे क्लोरोथॅलोनिल हे बुरशीनाशकही होते. म्हणजे सगळे लक्ष एकट्या ग्लायफोसेटवर ठेवून चालणार नाही.

‘आमच्या घराण्यात कुणाला नाही’ हा दिलासाही कच्चा आहे. आई-वडील किंवा भावंडांत मायलोमा असेल तर धोका दोन ते चार पट होतो; वयस्करांत दिसणाऱ्या एका ल्युकेमियात तो सुमारे आठ पट असतो. तरीही बहुतेक रुग्णांच्या घरात आधी कुणालाच हा आजार झालेला नसतो. शिवाय, एका घरातल्या माणसांचे शेत, विहीर आणि औषधांची खोलीही एकच असते.

केंद्राच्या ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेनुसार ग्लायफोसेट केवळ कीड नियंत्रण व्यावसायिकांमार्फतच वापरायचे आहे. कपाशीच्या उभ्या पिकात त्याची शिफारस नाही. इतर कोणतेही औषध असो, ते अंगात जाण्याचा मुख्य रस्ता कातडी हाच आहे. त्यामुळे रबरी हातमोजे सगळ्यात आधी द्रावण तयार करताना हवेत, कारण तिथे औषध सर्वांत तीव्र असते. घरात कुणाला रक्ताचा कर्करोग झाला असेल, तर जवळच्या नातलगांनी फवारणीचे काम टाळलेले बरे.

कृषी सहायकांनी फवारणीच्या वहीत औषधाचे नाव, तारीख आणि पंपांची संख्या लिहून ठेवायला सांगावे. लांबलेला ताप, घटणारे वजन, मानेत किंवा काखेत गाठ, हिरड्यांतून रक्त किंवा न थांबणारी पाठदुखी असेल, तर रक्ततपासणीला जाताना ती वही डॉक्टरांना दाखवा.