बँकरप्ट कोणाला म्हणावे?

महिन्याची पंचवीस तारीख उलटली की डॉर्मिटरीत हमखास ऐकू येते, "यार, मी तर बँकरप्ट झालो!" कॅन्टीनचे सामोसे बंद झाले, एवढाच त्याचा अर्थ. थट्टेला माझी हरकत नाही. पण मोठी माणसे आणि वर्तमानपत्रेही हा शब्द तितक्याच सैलपणे वापरतात, त्याला आहे.

शब्द मूळचा इटालियन, अर्थ ‘मोडका बाक’. सराफ बाकावर बसून नाणी बदलून देत आणि जो बुडाला त्याचा बाक मोडत, असे सांगतात. आपल्या ‘दिवाळे’ शब्दामागेही अशीच हकीकत आहे : देणी फेडणे अशक्य झालेला व्यापारी भरदिवसा पेढीवर दिवा लावी म्हणे.

खिसा रिकामा असणे म्हणजे बँकरप्ट होणे नव्हे. देणी देण्याची ऐपत उरली नाही की माणूस ‘इन्सॉल्व्हंट’, आपल्या जुन्या शब्दात नादार. बँकरप्ट ही त्यापुढची पायरी, आणि ती न्यायासन ठरवते, शेजारी नव्हे. 2016 च्या संहितेच्या नावात म्हणूनच नादारी आणि दिवाळखोरी असे दोन्ही शब्द आहेत. कंपनीचे तर तिथे अवसायन होते. बँकरप्ट ठरते ती व्यक्ती किंवा भागीदारी पेढी. परिणामही थट्टेचा नाही. संविधानाच्या 102 व्या कलमानुसार नादारीतून मुक्त न झालेला माणूस खासदार होऊ शकत नाही.

माझी खरी तक्रार ‘दिवाळखोर’वर आहे. लाचखोर, चुगलखोर, भांडखोर यांच्या पंगतीत आपण त्याला बसवला. जणू दिवाळे निघणे हा स्वभावदोषच! ‘नादार’मध्ये हा डंख नाही. पूर्वी शाळेत गरीब मुलांना फी माफ होई, तिला नादारीच म्हणत.

ज्या कोलकात्यात आपण राहतो, त्या शहराने हा फरक जवळून पाहिला आहे. 1830 साली पामर आणि कंपनी ही बलाढ्य पेढी बुडाली, आणि पुढच्या चार वर्षांत निळीच्या व्यापारात गुंतलेल्या इतर मोठ्या पेढ्याही गेल्या. 1848 मध्ये युनियन बँक कोसळली. त्याच वर्षी द्वारकानाथ टागोरांची कार, टागोर आणि कंपनीही बुडाली. द्वारकानाथ 1846 मध्येच लंडनला वारले होते; देणेकरी आले ते मुलांच्या दारी. काही जमिनी द्वारकानाथांनी विश्वस्त निधीत ठेवल्या होत्या, त्यांना देणेकऱ्यांचा हात लागत नव्हता. थोरले देवेंद्रनाथ म्हणाले, त्याही घ्या. देणेकरीच वरमले. पुढे वर्षानुवर्षे काटकसर करून घराने कर्ज फेडले. या माणसाला दिवाळखोर म्हणायला माझी जीभ तरी रेटत नाही.

देवेंद्रनाथांचे चिरंजीव सत्येंद्रनाथ त्या वेळी पाच-सहा वर्षांचे होते. पुढे ते आय.सी.एस. झालेले पहिले भारतीय ठरले आणि नोकरीसाठी मुंबई इलाख्यात आले. तिथे मराठी शिकून त्यांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. दुष्काळात तुकोबांचेही दिवाळे निघाले होते. लोकांकडून येणे असलेल्या रकमांची आपल्या वाट्याची खतपत्रे त्यांनी इंद्रायणीत बुडवली, अशी परंपरा आहे. त्यांनाही कोणी दिवाळखोर म्हटलेच असेल.