रील बघून बाटली रंगवताय? आधी भंगारवाल्याला विचारा

रिकाम्या बाटलीची कुंडी, जुन्या सीडीचं तोरण, आइस्क्रीमच्या काड्यांचा लॅम्प. ‘टाकाऊतून टिकाऊ’ असं सर्च केलं की अशा रील्सचा पूर येतो. लॉकडाऊनमध्ये मीही चार बाटल्या रंगवल्या होत्या. दोन वर्षांनी रंग उडाला आणि त्या बाटल्या भंगारवाल्याकडे नेल्या, तर त्याने सरळ हात झटकले. म्हणाला, "रंगवलेली नाय चालत."

त्याचं बरोबर होतं. पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची बाटली पीईटी नावाच्या प्लॅस्टिकची असते. ते स्वच्छ असेल तर त्याला बाजारात चांगला भाव मिळतो. बाटल्यांचे तुकडे करून, धुऊन, वितळवून त्यातून पॉलिएस्टरचा धागा बनतो. पण त्याच बाटलीवर ऑइलपेंट, ग्लू आणि चमकी चढवली की ती रीसायकलिंगच्या कामाची उरत नाही. थोडक्यात, जी वस्तू कचरा नव्हतीच, तिला आपण दोन वर्षं शोकेसमध्ये ठेवतो आणि मग खराखुरा कचरा बनवतो.

आणि ज्याचं खरंच काही होत नाही, ते वेफर्सचं पाकीट? त्यात प्लॅस्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करणं परवडत नाही, म्हणून भंगारात त्याला कोणी विचारत नाही. त्याची रीलही फारशी दिसत नाही. त्याला उपाय एकच, पाकीट कमी आणायचं. पण ‘आज मी काहीच विकत घेतलं नाही’ या रीलला व्ह्यूज कोण देणार?

आत्ताच हा विषय का?

कारण नियम बदललेत. १ एप्रिल २०२६ पासून देशात नवे घनकचरा व्यवस्थापन नियम लागू झाले आहेत. २०१६ च्या नियमांत घरातला कचरा तीन भागांत वेगळा करायचा होता, आता चार भागांत करायचा आहे. ओला आणि सुका आपल्याला माहीत आहेत. तिसरा सॅनिटरी, म्हणजे डायपर, पॅड वगैरे, नीट गुंडाळून. चौथा विशेष काळजीचा, म्हणजे रंगाचे डबे, बल्ब, पारा असलेले थर्मामीटर, जुनी औषधं.

‘दोन डबे जमेनात, चार कुठून ठेवू’ हा प्रश्न वन-बीएचकेमध्ये राहणाऱ्याला पडणारच. पण खरं पाहिलं तर रोजचे डबे दोनच. बल्ब आणि औषधांसाठी कपाटात एक खोका पुरतो, तो सहा महिन्यांतून एकदा भरेल. सॅनिटरी कचऱ्यासाठी पुण्यात ‘रेड डॉट’ ही साधी पद्धत आधीपासून आहे. कागदात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे कचरा हाताळणाऱ्या ताईंना आत काय आहे हे उघडल्याशिवाय कळतं.

या ताई कोण, हेही सांगायला हवं. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. तिचे सदस्य दारोदार कचरा गोळा करतात. घरटी मिळणारं शुल्क आणि सुका कचरा विकून येणारे पैसे, ही त्यांची कमाई. म्हणजे आपण उष्टी भाजी आणि पुठ्ठा एकाच पिशवीत कोंबला, की पुठ्ठा भिजतो आणि कुणाची तरी त्या दिवसाची कमाई तेवढी कमी होते. वर त्या घाणीत हात घालावा लागतो तो वेगळाच.

खरा घोळ ओल्या कचऱ्याचा

बाटल्या डोळ्यांना दिसतात म्हणून आपण त्यांच्यावर बोलतो. पण आपल्या शहरांच्या कचऱ्यात साधारण निम्मा वाटा ओल्याचा असतो. तो डेपोत ढिगाखाली दबला, हवा मिळाली नाही, की कुजताना मिथेन तयार होतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ करतो, आणि पेटतोही. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईत देवनार डम्पिंग ग्राउंडला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या फोटोंत दिसला होता. एप्रिल २०१७ मध्ये पुण्याजवळ उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोला आग लागली. वर्षानुवर्षं शहराचा कचरा झेलणाऱ्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या आणि शहरात जागोजागी ढीग लागले. तेव्हा कुठे पुणेकरांना कळलं की ‘टाकून दिला’ म्हणजे कुणाच्या तरी विहिरीजवळ नेऊन ठेवला.

यात शिजवून टाकलेलं अन्नही आलं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात घराघरांतून दरवर्षी माणशी सुमारे ५५ किलो अन्न वाया जातं. जगाची सरासरी ७९ किलो आहे, म्हणून खूश व्हायचं असेल तर व्हा. पण चार जणांच्या घरात हे दोनशे किलोच्या वर जातं. रात्रीच्या पोळ्यांचा कुस्करा आणि उरलेल्या भाताचा फोडणीचा भात करणाऱ्या आपल्या स्वयंपाकघरातला हा आकडा आहे.

यावर उपाय सोपा आहे, फक्त फोटोत छान दिसत नाही. जुन्या बादलीला भोकं पाडायची, तळाशी वाळलेला पाला टाकायचा. रोजची सालं बारीक करून टाकायची आणि त्यावर पुन्हा पाला किंवा कोकोपीट. अधूनमधून हलवायचं. आंबट ताक शिंपडलं तर काम लवकर होतं. वास आला तर समजा ओल जास्त झाली, पाला वाढवा. अळ्या दिसल्या तरी घाबरू नका, त्याही तेच काम करतायत. साधारण दोन महिन्यांत खत तयार होतं. पुण्यात गांडूळखत प्रकल्पासाठी महापालिका मिळकतकरात ५ टक्के सूटही देते, त्यामुळे सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा मुद्दा काढायला हरकत नाही.

राहिला प्रश्न कपड्यांचा. बोहारणीला जुन्या साड्या देऊन पातेलं घेणारी, गोधडी शिवणारी पिढी अजून आपल्या घरात आहे. त्या साड्या सुती होत्या आणि वर्षानुवर्षं वापरून मऊ झालेल्या होत्या. सेलमध्ये घेतलेल्या, तीन धुण्यांत गोळे आलेल्या पॉलिएस्टर टॉपची गोधडी करून बघा. माझ्या आजीने हात लावून बघितला आणि पोछ्याच्या बादलीवर टाकला. पाणीसुद्धा टिपत नाही म्हणून दुसऱ्या दिवशी तिथूनही तो हलवला.

मग आता पुढचं काय? घरात वेगळं केलेलं गाडीतही वेगळंच राहील का, हे बघावं लागेल. लोक डबे वेगळे करतात आणि खाली सगळं एकाच गाडीत जातं, ही तक्रार जुनी आहे. माझ्याही गल्लीत हे घडलंय. नव्या नियमांची परीक्षा तिथे होणार आहे. तुमच्याकडे येणाऱ्या गाडीत कप्पे किती आहेत, हे उद्या सकाळी खाली जाऊन बघा आणि आम्हाला कमेंटमध्ये सांगा.