आठवड्याच्या हिशेबात अडकलेली संगीतिका

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे या जगप्रसिद्ध नाट्यपेठेने २०२४-२५ च्या हंगामात १८९ कोटी डॉलरची तिकीटविक्री केली. रकमेपुरते बोलायचे तर हा त्या पेठेचा उच्चांक. प्रेक्षकसंख्याही दीड कोटीच्या जवळ गेली. एवढ्या भरभराटीच्या वर्षात नव्या संगीतिकांना सुगीचे दिवस यायला हवे होते. घडले नेमके उलटे. एल्टन जॉन यांचे संगीत असलेली ‘टॅमी फे’ नोव्हेंबर २०२४ मध्ये रंगमंचावर आली आणि ८ डिसेंबरला गुंडाळली गेली. २०२५ च्या उन्हाळ्यात ‘स्मॅश’, ‘रिअल विमेन हॅव कर्व्ह्ज’, ‘डेड आउटलॉ’ आणि ‘बूप’ या संगीतिका महिनाभराच्या आत पाठोपाठ बंद झाल्या. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने सप्टेंबर २०२५ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, कोरोनाच्या साथीनंतर आलेल्या ४६ नव्या संगीतिकांपैकी ‘सिक्स’, ‘एमजे’ आणि ‘अँड ज्युलिएट’ या तीनच तोपर्यंत नफ्यात आल्या होत्या. २०२४-२५ च्या हंगामातील व्यावसायिक संगीतिकांपैकी तर एकीचेही भांडवल तोवर वसूल झालेले नव्हते.

विक्रीचा उच्चांक आणि संगीतिकांची पडझड एकाच वर्षी कशी घडली? यातील काही भाग ताऱ्यांच्या तेजाचा आहे. जॉर्ज क्लूनी यांच्या ‘गुड नाइट, अँड गुड लक’ या गद्य नाटकाने २०२५ मध्ये आठवड्याला ४० लाख डॉलरहून अधिक विक्रीची मजल मारली. मोजके आठवडे, महागडी तिकिटे आणि पडद्यावरचा परिचित चेहरा असे ते गणित होते. विक्रीचा एकूण आकडा अशा नाटकांनी फुगला. त्यात वाद्यवृंद नव्हता, नर्तकांचा ताफा नव्हता आणि वर्षानुवर्षे चालत राहण्याची सक्तीही नव्हती. संगीतिकेला या तिन्ही गोष्टी सोसाव्या लागतात. म्हणून तिच्या जगण्यामरण्याचा निर्णय कशावर होतो, हे समजून घ्यायचे तर तिकीटविक्रीच्या आकड्यांपेक्षा खर्चाच्या वहीत डोकावणे अधिक उपयोगाचे.

संगीतिकेचा खर्च दोन प्रकारचा असतो. पहिला उभारणीचा. नेपथ्य, वेशभूषा, तालमी, यंत्रसामग्री यांवर पडदा उघडण्यापूर्वीच होणारा हा खर्च आज ब्रॉडवेवर दीड-दोन कोटी डॉलरच्या घरात सहज जातो. वर्तमानपत्रांत मथळे होतात ते याच आकड्याचे. पण संगीतिकेचा जीव घेतो तो दुसरा खर्च, दर आठवड्याचा. नाट्यगृहाचे भाडे आणि विक्रीतील त्याचा वाटा, कलावंत, वादक आणि रंगमंचामागील कामगारांचे वेतन, लेखक-संगीतकारांचे मानधन, यंत्रांची देखभाल आणि जाहिरात ही त्यातील ठळक कलमे. आठवड्याला साधारण आठ प्रयोग होतात. प्रेक्षागृह भरलेले असो वा अर्धे रिकामे, यातील बहुतेक कलमे तेवढीच राहतात. लेखक-दिग्दर्शक अडचणीच्या काळात आपले मानधन कमी करून घेतात, पण दिव्यांचे बिल आणि वादकांचे वेतन थांबत नाही.

त्यात नाट्यगृहाच्या मालकाची तलवार डोक्यावर टांगलेली असते. ब्रॉडवेवरील ४१ नाट्यगृहांपैकी बहुतेक तीन बड्या कंपन्यांच्या हाती आहेत आणि बाहेर नव्या निर्मात्यांची रांग असते. सलग दोन आठवडे विक्री ठरावीक रकमेखाली गेली तर मालकाने निर्मात्याला जागा सोडायला सांगावी, असे कलम करारात सहसा असते. म्हणजे तोटा सोसण्याची तयारी निर्मात्याने दाखवली, तरी ती सोसू द्यायची की नाही हे दुसराच कोणी ठरवतो.

या गणिताचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे ‘स्पायडरमॅन : टर्न ऑफ द डार्क’. ‘द लायन किंग’चे दिग्दर्शन करणाऱ्या ज्युली टेमर, ‘यू टू’ या बँडचे बोनो आणि द एज, आणि साऱ्या जगाला ठाऊक असलेला नायक, असा योग जुळून आला होता. उभारणीवर साडेसात कोटी डॉलर खर्च झाले. ब्रॉडवेच्या इतिहासात एवढा खर्च त्यापूर्वी कोणी केला नव्हता. नोव्हेंबर २०१० मध्ये पूर्वप्रयोग सुरू झाले आणि अडचणींची मालिकाही. प्रेक्षकांच्या डोक्यावरून उडणारे कलाकार हे या संगीतिकेचे आकर्षण, तोच तिचा धोका ठरला. २० डिसेंबर २०१० रोजी एक कलाकार प्रयोग चालू असताना उंचावरून कोसळून गंभीर जखमी झाला. मार्च २०११ मध्ये टेमर यांना दूर करण्यात आले, तीन आठवडे प्रयोग थांबवून कथानकाची फेरमांडणी झाली, आणि तब्बल १८२ पूर्वप्रयोगांनंतर १४ जून २०११ रोजी अधिकृत शुभारंभ झाला.

विशेष म्हणजे प्रेक्षकांनी या संगीतिकेकडे पाठ फिरवली नव्हती. अपघात आणि भांडणांच्या बातम्यांनी कुतूहल वाढवले. १ जानेवारी २०१२ रोजी संपलेल्या नाताळच्या आठवड्यात तिने २९ लाख डॉलरहून अधिक विक्री करून त्या वेळचा विक्रमही केला. पण चालवण्याचा खर्च आठवड्याला दहा लाख डॉलरच्या वर होता. समजा खर्च वजा जाता दर आठवड्याला पाच लाख डॉलर हाती उरले असते, तरी साडेसात कोटी परत मिळायला दीडशे आठवडे, म्हणजे जवळजवळ तीन वर्षे, एकाही मंदीच्या आठवड्याविना जायला हवी होती. नाताळचा आठवडा वर्षातून एकदाच येतो. फेब्रुवारीची थंडी आणि सप्टेंबरची ओहोटी मात्र चुकत नाही. २०१३ च्या अखेरीस विक्री खर्चाच्या खाली घसरली आणि ४ जानेवारी २०१४ रोजी, १,०६६ प्रयोगांनंतर पडदा पडला. हजाराहून अधिक प्रयोग झालेल्या या संगीतिकेत गुंतवणूकदारांचे सुमारे सहा कोटी डॉलर बुडाल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले.

‘स्पायडरमॅन’ला उधळपट्टीचे उदाहरण म्हणून बाजूला ठेवता येईल. ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ला तसे ठेवता येत नाही. २६ जानेवारी १९८८ रोजी मॅजेस्टिक नाट्यगृहात सुरू झालेल्या या संगीतिकेचे भांडवल केव्हाच वसूल झाले होते. ३५ वर्षांत ब्रॉडवेवरील तिची विक्री १३० कोटी डॉलरच्या पुढे गेली होती. तरीही कोरोनानंतर, ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाल्यावर, तिला आठवड्याचे गणित जुळवता आले नाही. सव्वाशेच्या आसपास माणसे, २७ वादकांचा वाद्यवृंद, जड नेपथ्य यांमुळे खर्च आठवड्याला साडेनऊ लाख डॉलरवर पोहोचला होता. ज्यांच्या भरवशावर ती चालत होती ते परदेशी पर्यटक पूर्वीच्या संख्येने परतले नव्हते. सप्टेंबर २०२२ मध्ये बंद करण्याची घोषणा झाली.

पुढे जे घडले ते अधिक बोलके आहे. घोषणा होताच तिकिटांसाठी झुंबड उडाली. फेब्रुवारी २०२३ ची निरोपाची तारीख १६ एप्रिलपर्यंत पुढे ढकलावी लागली आणि शेवटच्या टप्प्यात आठवड्याची विक्री ३० लाख डॉलरच्या वर गेली. एवढा प्रतिसाद असताना बंद कशाला करायचे, असा प्रश्न साहजिकच विचारला गेला. निर्माते कॅमेरॉन मॅकिंटॉश मात्र निर्णयावर ठाम राहिले. त्यामागील तर्क स्वच्छ होता. ही गर्दी निरोपाची होती. निरोप रद्द केला असता तर गर्दीही ओसरली असती आणि साडेनऊ लाखांचा आठवडा पुन्हा दारात उभा राहिला असता. १३,९८१ प्रयोगांनंतर ब्रॉडवेवरील सर्वाधिक काळ चाललेली संगीतिका थांबली.

मग खर्च कमी का करत नाहीत? लंडनमध्ये हाच प्रयोग झाला. तेथे ‘फँटम’ २०२१ मध्ये पुन्हा सुरू करताना वादकांची संख्या २७ वरून १४ वर आणली गेली. प्रयोग टिकला, पण निम्म्या वादकांचे काम गेले आणि ज्या भरदार नादासाठी प्रेक्षक येत असे तोही बारीक झाला. न्यूयॉर्कमध्ये वादकांच्या संघटनेने नाट्यगृहाच्या आकारानुसार वादकांची किमान संख्या करारात बांधून घेतली आहे. निर्मात्यांनी ती घटवण्याचा आग्रह धरला तेव्हा मार्च २००३ मध्ये संप होऊन ब्रॉडवेवरील संगीतिका चार दिवस बंद होत्या. अखेर मोठ्या नाट्यगृहांतील किमान संख्या १८-१९ वर आली. ऑक्टोबर २०२५ मध्येही नट आणि वादक यांच्या संघटना संपाच्या उंबरठ्यावर पोहोचल्या होत्या. ऐनवेळी तडजोड झाली. निर्माते म्हणतात, खर्च परवडत नाही. कामगार म्हणतात, विक्रीचा उच्चांक तुम्हीच जाहीर करता. दोघांचेही म्हणणे खरे आहे आणि पेच तिथेच आहे.

हा पेच नवा नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्येच तो मांडला होता. कारखान्यात यंत्रे सुधारली की तेवढ्याच माणसांकडून अधिक माल निघतो आणि वाढते वेतन त्यातून भागते. चार वादकांची रचना वाजवायला मात्र दोनशे वर्षांपूर्वी जेवढी माणसे आणि जेवढा वेळ लागे, तेवढाच आजही लागतो. वेतन इतरांबरोबर वाढते, उत्पादकता वाढत नाही. परिणामी तिकीट महागते. तिकीट महागले की प्रेक्षक जोखीम घेत नाही, ओळखीचे नाव किंवा गाजलेल्या चित्रपटाचे शीर्षक शोधतो. नव्या संगीतिकेला ओळख व्हायला वेळ हवा असतो आणि आठवड्याचा खर्च तिला नेमका तेवढाच देत नाही.

वेळ मिळाला तर काय होते, हे ‘मेबी हॅपी एंडिंग’ने दाखवले. दोन यंत्रमानवांच्या प्रेमाची ही मूळची कोरियन संगीतिका २०२४ च्या शरदात ब्रॉडवेवर आली तेव्हा तिची विक्री आठवड्याला तीन लाख डॉलरच्याही खाली होती. लहान नटसंचामुळे आणि निर्मात्यांच्या चिकाटीमुळे ती तग धरून राहिली, बोलबाला झाला, विक्री दहा लाखांच्या पुढे गेली आणि जून २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट संगीतिकेसह सहा टोनी पुरस्कार तिने पटकावले. आठवड्याचा खर्च दुप्पट असता तर त्या सोहळ्यापर्यंत ती उरलीच नसती.

मराठी रंगभूमीला हे दुखणे परके वाटू नये. संगीत नाटकांच्या वैभवकाळात नाटक मंडळी म्हणजे एक चालता-बोलता संसार होता. नट, साथीदार, आचारी यांचे बिऱ्हाड गावोगाव फिरे आणि महिन्याचा पगार प्रयोग झाला वा न झाला तरी द्यावा लागे. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीने भरजरी वस्त्रे, दागिने आणि अत्तरांसह जे वैभव मंचावर आणले, त्यावर रसिकांनी जीव ओवाळून टाकला. पण मंडळी कर्जातून कधी पुरती वर आली नाही. बोलपट आल्यावर प्रेक्षक पांगला, खर्च मात्र राहिला. १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्व ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात दिसले, त्यामागे ही ओढगस्त होती.

त्यानंतर मराठी व्यावसायिक नाटकाने वेगळी घडी बसवली. नाट्यगृह सत्रापुरते भाड्याने घ्यायचे, कलावंताला प्रयोगागणिक ‘नाइट’ द्यायची, नेपथ्य गाडीत मावेल एवढेच ठेवायचे. प्रयोग नसेल त्या दिवशी खर्च जवळपास नाही. नाटक पडले तर विश्रांती घेते, तारखा मिळाल्या की पुन्हा उभे राहते. २०१७ मध्ये आलेल्या ‘संगीत देवबाभळी’त दोनच अभिनेत्री होत्या आणि तेवढ्यावर संगीत नाटक तरुण प्रेक्षकांपर्यंत पोहोचले. या लवचिकतेची किंमतही आहे. साथीला मोठा वाद्यवृंद नाही आणि कलावंताला कायमच्या वेतनाची हमी नाही. ब्रॉडवेचा वादक ज्या हमीसाठी संपाची तयारी करतो, ती येथे कधीच मिळाली नाही.

आता ‘फँटम’सारखी निर्मिती मुंबईत पाहायला मिळते. मार्च २०२५ मध्ये नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्रात तिचे प्रयोग झाले. ते ठरावीक आठवड्यांच्या दौऱ्याचे होते. मराठीतही तशी भव्यता हवी, ही इच्छा गैर नाही. पण त्या भव्यतेचा बोजा कोण उचलणार, हे आधी ठरले पाहिजे. उभारणीसाठी एखादा धनिक किंवा सरकारी अनुदान मिळू शकते. चाळिसाव्या आठवड्यात, पावसाळ्यात, अर्ध्या रिकाम्या प्रेक्षागृहासमोर पंधरा वादकांचे मानधन कशातून द्यायचे, हा खरा प्रश्न आहे. ब्रॉडवेवर बंद पडलेल्या बहुतेक संगीतिकांकडे त्याचे उत्तर नव्हते. नेपथ्याचा आराखडा मंजूर करताना आणि वादकांची संख्या ठरवताना जो निर्माता हा प्रश्न स्वतःला विचारतो, त्याच्याच संगीतिकेला आपला प्रेक्षक शोधायला पुरेसा वेळ मिळतो.