दार आतून लावण्याचा हक्क

शिरूर तालुक्यातले कवठे येमाई हे गाव येमाईदेवीचे, तसेच तमाशाचे. लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर याच गावचे. तमाशाच्या फडांसाठी त्यांनी अनेक वग आणि गाणी लिहिली. अशा गावाला शृंगाराचे वावडे असण्याचे कारण नाही. जत्रेच्या रात्री तंबूत लावणी रंगते तेव्हा म्हातारेही फेटे सावरून बसतात आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही. पण आपल्या लोकरंगभूमीवर तोतरा, लंगडा, तिरळा असा कुणी आला की तो हसवण्यासाठी आला, हे प्रेक्षक आधीच ओळखतो. लावणी त्याच्यासाठी नसते. कुबडीवर रेलून तंबूच्या कडेला उभा असलेला पंचविशीतला पोरगाही ती ऐकत असतो आणि त्याच्याही मनात काही होत असेल, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

चित्रपटाने ही दृष्टी बरीच जशीच्या तशी उचलली. पडद्यावरचा अपंग माणूस हास्यास्पद नसेल तर तो संत असतो आणि संत नसेल तर मूल असतो. (आता सरकारी भाषेत ‘दिव्यांग’ म्हणायचे. शब्द बदलल्याने देवत्व आले, पण बसची पायरी होती तेवढीच उंच राहिली.) गुलजार यांच्या १९७२ च्या ‘कोशिश’ने मूकबधिर जोडप्याचा संसार दाखवला, हा अपवाद. दुसरा मोठा अपवाद आपल्या सई परांजपे यांचा ‘स्पर्श’. नसीरुद्दीन शाह यांनी साकारलेला अंध मुख्याध्यापक अनिरुद्ध स्वाभिमानी आहे, तिरसट आहे आणि प्रेमातही पडतो. साध्या चहा-कॉफीच्या वेळीही कुणी त्याच्या हातचे काम काढून घेतलेले त्याला खपत नाही. शबाना आझमींच्या कविताशी ठरलेले लग्न तो मोडतो ते आंधळेपणामुळे नव्हे, तर हिचे प्रेम म्हणजे दयाच असली तर, या शंकेमुळे. आयुष्यभर दयाच वाट्याला आलेल्या माणसाला प्रेम ओळखता येईनासे होते, हे त्या चित्रपटाने न ओरडता सांगितले.

‘चौकट राजा’ १९९१ चा. दिलीप प्रभावळकरांचा नंदू पाहून महाराष्ट्र रडला आणि ते रडणे खोटे नव्हते. संजय सूरकर आणि स्मिता तळवलकर यांनी मतिमंद माणसाला मराठी घराच्या बैठकीत आणून बसवले, हे मोठेच काम. तरीही आज तो चित्रपट पाहताना एक गोष्ट खटकते. शरीराने पुरुष झालेला नंदू आपल्याला जवळचा वाटतो, तो मनाने बालक राहिला म्हणून. बालपणीच्या मैत्रिणीशी त्याचे असलेले नाते आपण निर्धास्तपणे पाहू शकतो, कारण त्यात काही ‘तसले’ नाही, हे आपल्याला पटवलेले असते. तो बालक राहिला नसता तर आपण त्याच्यासाठी रडलो असतो का?

हा प्रश्न केवळ चित्रपटाचा नाही. कवठ्याच्या लोकांना तो शिरूर या आपल्याच तालुक्याच्या गावाने विचारलेला आहे. शिरूरच्या सरकारी वसतिगृहात मतिमंद मुली राहत असत. फेब्रुवारी १९९४ मध्ये त्यांच्यापैकी काहींना पुण्याच्या ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशये काढण्यात आली. पाळीच्या वेळी स्वच्छता राखता येत नाही आणि नको ते गर्भारपण टळेल, अशी कारणे दिली गेली. स्त्री संघटनांनी आवाज उठवला, वृत्तपत्रांतून गदारोळ झाला आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. पण त्या वादातही ‘बरेच झाले’ म्हणणारे सुशिक्षित कमी नव्हते. मुलीवर अत्याचार होईल ही भीती रास्तच होती. मात्र गर्भाशय काढल्याने अत्याचार थांबत नाही, त्याचा पुरावा तेवढा पुसला जातो, एवढी साधी गोष्ट सांगायलाही तेव्हा मोर्चे काढावे लागले.

कायद्याला पुढे जायला बराच वेळ लागला. चंदीगडच्या एका मतिमंद तरुणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितले, की तिच्या संमतीवाचून तिचा गर्भपात करता येणार नाही. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात तर स्पष्टच लिहिले आहे, की वंध्यत्व आणणारी कोणतीही शस्त्रक्रिया व्यक्तीने समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय करता येणार नाही. शिरूरच्या मुलींना हे कलम बावीस वर्षे उशिरा मिळाले.

या पार्श्वभूमीवर शोनाली बोस यांचा २०१४ चा ‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’ पाहावा. मुंबईच्या मालिनी चिब या त्यांच्या नात्यातल्या बहीण. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मालिनी यांच्या आयुष्यावरून या कथेला प्रेरणा मिळाली. नायिका लैला दिल्लीत शिकते, कॉलेजच्या बँडसाठी गाणी लिहिते. गाण्याला पहिले बक्षीस मिळते तेव्हा परीक्षकबाई व्यासपीठावरून सांगतात, की गाणे एका अपंग मुलीने लिहिले म्हणून ते दिले आहे. त्यावर लैला त्यांना जे बोट दाखवते ते रविवारच्या पुरवणीत वर्णन करण्याजोगे नाही, पण त्या क्षणी टाळी वाजवावीशी वाटते. पुढे ती न्यूयॉर्कला जाते, प्रेमात पडते, चुकते, एका मुलीवरही प्रेम करते आणि आईपासून काही गोष्टी लपवते. रेवती यांनी उभी केलेली आई प्रेमळ आहे. मुलीला अंघोळ घालणारी, भरवणारी, तिच्यासाठी जिवाचे रान करणारी. म्हणूनच ‘मला माझे काही खासगी असू दे’ ही लैलाची मागणी तिला लागते. ज्या हातांवाचून आपले चालत नाही, त्याच हातांना दाराबाहेर थांबा म्हणायचे, हे बंड फार अवघड असते. धडधाकट मुलगा कडी लावून बसला तर आपण ‘वयच आहे’ म्हणतो. लैलाला कडी लावायलाही कुणाची तरी मदत लागते.

चित्रपटात एक उणीव आहे. लैला साकारणाऱ्या कल्की केकलाँ अपंग नाहीत. त्यांनी काम जीव ओतून केले, यात वाद नाही. पण त्याच वर्षी आलेल्या महेश लिमये यांच्या ‘यलो’मध्ये डाऊन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिने मोठेपणीची गौरी स्वतःच साकारली. २०२५ च्या ‘सितारे जमीन पर’मध्येही त्या खेळाडूंच्या भूमिका तशाच मुलांनी केल्या. तिथे आपल्याला कुणाचा अभिनय कसा जमला हे पाहायचे नसते, माणूसच पाहायचा असतो. मात्र असे चित्रपट पोहण्याच्या तलावावर आणि खेळाच्या मैदानावर जास्त रमतात. पदक मिळाले की टाळ्या. पदक न मिळवणाऱ्या, नुसतीच एक मैत्रीण हवी असलेल्या मुलाचा चित्रपट अजून मराठीत यायचा आहे.

आई-बाप म्हणतील, लिहिणे सोपे आहे, आम्ही गेल्यावर तिचे कसे होईल ते सांगा. हा प्रश्न कुणी हसण्यावारी नेऊ नये. २०११ च्या जनगणनेने देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले आणि त्यातले ६९ टक्के खेड्यांत राहणारे होते. वसतिगृहे, कार्यशाळा, समुपदेशक जे काही आहे ते बहुतेक शहरांत. खेड्यात उरते ते घर आणि घर म्हणजे सतत कुणाची तरी नजर. एरवी लेकरासारखे जपलेल्या मुलीला विसाव्या वर्षी कुणी मैत्रीण भेटायला आली, तर दोघींना अर्धा तास एकट्या सोडायचे, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. त्याला अनुदान लागत नाही.

हे चित्रपट आता मोबाइलवर सहज मिळतात आणि पांघरुणात एकट्याने पाहता येतात, हे एक बरे झाले. मात्र मोठ्या पडद्यावर, मित्रांसोबत पाहायचा तर कवठ्याहून बाहेर पडायचे. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाला एसटीत चढवायला भाऊ लागतो, थिएटरच्या पायऱ्यांवर उचलायलाही भाऊच लागतो. मग कोणता सिनेमा पाहायचा, कुणाच्या शेजारी बसायचे आणि कधी निघायचे, हेही भावाला कांद्याच्या कामातून सवड कधी मिळते त्यावर ठरते.